मधला वेळ

ज्या घरातील एखादे तरी माणूस परदेशी नाही असे घर आमच्या धर्मग्रामात आता शोधावे लागते. कुणी मस्कतला आहे, कुणी दुबईला, कुणी बोटीवर. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या मुली पूर्वी कुवेत आणि सौदीला जात. आता त्यांची पावले इंग्लंड-आयर्लंडकडे वळू लागली आहेत. त्यामुळे धर्मगुरूच्या कचेरीत येणाऱ्या प्रश्नांचे स्वरूपही बदलले आहे. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाची तारीख, मुलाचा शाळाप्रवेश हे तर आहेतच. पण 'फादर, मुलगा नाताळला येतोय, कुठल्या मार्गाने येऊ दे?' हा प्रश्नही आता नित्याचा झाला आहे. आम्ही दोन वर्षे रोमला शिकून आलो, तेव्हा प्रवासाच्या बाबतीतही आमचा काही अधिकार असणार, अशी लोकांची समजूत. ती समजूत आम्ही कधी खोडून काढली नाही. खरे सांगायचे तर ती आम्हाला आवडत होती.

पुण्याच्या सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवले, ईशज्ञान शिकवले. विमानाच्या वेळापत्रकाचे शास्त्र काही शिकवले नाही. ते आम्ही अनुभवाने शिकलो असे आम्हाला वाटत होते. रोमला जाताना फ्रँकफुर्टला विमान बदलायचे होते. मधे दीड तास होता. तेवढ्या वेळात पासपोर्टवर शिक्का मारून झाला, एका लांबलचक बोगद्यातून चालून झाले, आणि दुसऱ्या विमानाच्या दारापाशी उभे राहून कागदी पेल्यातली कॉफीही घेऊन झाली. मुंबईला दिलेली बॅग आम्हाला थेट रोमलाच भेटली. या एका दीड तासावर आम्ही पुढे वीस वर्षे लोकांना सल्ले देत राहिलो.

२०२५ च्या जानेवारीतील गोष्ट आहे. आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध गृहस्थ हृदयविकाराने अंथरुणाला खिळले होते. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये त्यांची सारी नोकरी झाली. पोस्टाची तिकिटे, मुद्रांक आणि पासपोर्ट जिथे छापले जातात तो हा छापखाना. स्वतः ते आयुष्यात कधी विमानात बसले नाहीत. देशभरच्या लोकांचे पासपोर्ट आपल्या हाताखालून गेले याचा मात्र त्यांना मोठा अभिमान, आणि त्यांतला एक आपल्या धाकट्या मुलीच्या हाती आहे याचा अधिक. ही मुलगी इंग्लंडमध्ये एका रुग्णालयात परिचारिका आहे. डॉक्टरांनी 'दोन-तीन दिवस' म्हटल्यावर आईने तिला फोन लावला, आणि दोन शब्द बोलून फोन आमच्या हाती दिला.

"फादर, मुंबईचं तिकीट मिळतंय आणि दिल्लीचंही मिळतंय. काय करू?"

आम्ही क्षणभरही विचार केला नाही. त्या दिवसांत भिवंडी-पडघ्याकडच्या वाहतुकीने नाशिककरांना सळो की पळो केले होते. मुंबईहून गाडीने यायला कधी चार तास लागत, कधी सहा. उलट ओझरचा विमानतळ शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर. आम्ही म्हणालो, "मुंबई नको, बाळ. दिल्लीला उतर आणि तिथून ओझरचं विमान घे. दुपारी बाबांजवळ असशील."

"मधे पावणेतीन तास आहेत. पुरतील ना?"

"भरपूर झाले," आम्ही म्हणालो. "आम्हाला फ्रँकफुर्टला दीड तासात कॉफी प्यायला मिळाली होती."

या वाक्याची आठवण झाली की अजूनही आम्हाला ओशाळल्यासारखे होते.

तिने दोन तिकिटे काढली. लंडन ते दिल्ली एका कंपनीचे, दिल्ली ते ओझर दुसऱ्या कंपनीचे. पहिले विमान सकाळी ९.४० ला उतरायचे, दुसरे १२.२५ ला सुटायचे. हे पावणेतीन तास कसे गेले ते तिने आम्हाला नंतर सांगितले. त्यातला क्षणन्‌क्षण तिला पाठ होता.

जानेवारीतली दिल्ली म्हणजे धुके. विमान काही वेळ वर घिरट्या घालून १०.०५ ला उतरले, आणि दाराला लागेपर्यंत १०.२० झाले. त्याच सुमारास आणखी काही मोठी विमाने उतरली होती, त्यामुळे इमिग्रेशनच्या रांगेत शेकडो माणसे. ती तिथून बाहेर पडली तेव्हा ११.०५ झाले होते. सामानाच्या पट्ट्यावर तिची बॅग ११.३० ला आली. इकडे दुसऱ्या विमानाचे सामान घेणे सुटण्याच्या साठ मिनिटे आधीच, म्हणजे ११.२५ ला बंद झाले होते. बॅग हाती आली तेव्हा विमान सुटायला जवळजवळ तास होता, आणि तरीही ते विमान तिच्यासाठी पाच मिनिटांपूर्वीच निघून गेले होते. शिवाय ते सुटणार होते टर्मिनल एकवरून, आणि ती उभी होती टर्मिनल तीनवर. दोहोंमध्ये काही किलोमीटरचा रस्ता. ती टॅक्सीने तिथे पोहोचली तेव्हा बाराला दहा कमी होते. काउंटरवरच्या तरुणाने हात जोडले. त्याचा काही दोष नव्हता. नियम त्याने केलेला नव्हता आणि तिकीटही त्याने सुचवलेले नव्हते.

त्या दिवशी ओझरला जाणारे दुसरे विमान नव्हते.

आमची चूक कुठे झाली हे आम्हाला फार उशिरा कळले, आणि ते कळायला विमानशास्त्राची गरज नव्हती. फ्रँकफुर्टला आम्ही वाटसरू होतो. पुढचे तिकीट त्याच तिकिटाचा भाग होते, बॅगेवर रोमची चिठ्ठी होती, आणि आम्ही आमच्या पायांनी एका दारातून दुसऱ्या दाराशी गेलो, एवढेच. परदेशाहून भारतात येऊन देशांतर्गत विमान पकडायचे म्हणजे तसे नसते. ज्या विमानतळावर आपण देशात पहिले पाऊल ठेवतो, तिथेच सारा उंबरठा ओलांडावा लागतो. इमिग्रेशन तिथे, बॅग पट्ट्यावरून उतरवायची तिथे, कस्टम्समधून ती ढकलत न्यायची तिथे, आणि मग ती पुन्हा नव्याने द्यायची, पुन्हा अंगझडती, पुन्हा दार. बॅगेला शेवटच्या गावाची चिठ्ठी लावलेली असली तरी बहुतेक वेळा ती मधे उतरवून घ्यावीच लागते. अमेरिकेत जाणाऱ्यांनाही पहिल्या विमानतळावर हेच सोपस्कार करावे लागतात. म्हणजे मुक्कामाच्या गावाहून देशाची वेस आधी येते, आणि वेळ खाते ती वेसच.

दुसरी चूक दोन तिकिटांची. एकाच तिकिटावर दोन्ही विमाने असली, म्हणजे पीएनआर एक असला, तर पहिल्याच्या उशिराने दुसरे चुकल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. आणि त्या विमानतळाला जेवढा किमान वेळ ठरलेला आहे त्याहून कमी वेळाचे तिकीट ते सहसा विकतही नाहीत. दोन निराळ्या तिकिटांना एकमेकांची ओळखच नसते. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही एक न आलेला प्रवासी. तुमचे वडील आजारी आहेत, दिल्लीत धुके होते, तुम्ही त्याच शहरात चार कोसांवर रांगेत उभ्या होता, हे तिने का ऐकावे? ती ऐकत नाही. पैसेही जातात, पण त्या दिवशी पैशांचे कुणाला काय होते.

तिने मुंबईचे तिकीट काढले. दुपारी मिळाले नाही. संध्याकाळी साडेसहाला ती मुंबईत उतरली आणि टॅक्सी करून नाशिककडे निघाली. ज्या रस्त्यापासून आम्ही तिला वाचवले होते, त्याच रस्त्याने, आणि तोही रात्रीचा. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमच्या या गोष्टीला तो पाच महिने उशिराचा.

इकडे आम्ही दुपारी तीनला त्यांच्या घरी गेलो. त्यांना तैलाभ्यंग दिला. ख्रिस्तप्रसादाचा अगदी लहानसा तुकडा पाण्याच्या घोटाबरोबर त्यांनी घेतला. आमच्या भाषेत या अखेरच्या प्रसादाला पाथेय म्हणतात, प्रवासाची शिदोरी. नंतर ते बराच वेळ डोळे मिटून पडले होते. मग म्हणाले, "ओझरला उतरली असेल ना आता?"

तिचा दिल्लीहून फोन येऊन गेला होता. घरात सर्वांना ठाऊक होते. आईने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "विमानाला उशीर झालाय. वाटेवर आहे ती." यातले पहिले वाक्य खोटे नव्हते, दुसरेही नव्हते. तरीही मनात खात्रीने कळत होते की आपण खोटे बोललो.

पाच वाजता त्यांनी पुन्हा विचारले. सातच्या सुमारास विचारले तेव्हा शब्द नीट उमटले नाहीत. डोळे दाराकडे वळले एवढेच. आम्ही त्यांचा हात धरून बसलो होतो. जपमाळ चालू होती. रात्री ८.५० ला ते गेले.

ती आली तेव्हा पाऊण वाजला होता. आम्ही तेथेच थांबलो होतो. काही संकटांत धर्मगुरूने घरी निघून जाणे शोभत नाही, विशेषतः त्या संकटात त्याचाही हात असेल तर. ती आत आली, वडिलांच्या उशाशी बसली, आणि बऱ्याच वेळाने तिने विचारले, "फादर, त्यांनी विचारलं होतं का?"

"हो."

"किती वेळा?"

"तीनदा."

तिने मान हलवली. मग परिचारिकेच्या सवयीने तिने वडिलांच्या हातावरची सुईची पट्टी हळूच सोडवली, आणि ती जागा पुसली. दाराशी तिची बॅग तशीच उभी होती. त्या बॅगेत वडिलांसाठी घेतलेले रक्तदाब मोजण्याचे यंत्र होते आणि एक लोकरीचे जाकीट होते. दुसऱ्या दिवशी ती आम्हाला म्हणाली, "बॅग सोडून धावले असते तर? चेक-इन मोबाईलवर झालं होतं. अकरा पाचला मी मोकळी होते." आम्ही मनात हिशेब केला. मिळाले असते विमान, कदाचित. तो हिशेब तिनेही केलेला होता, आणि ती तो पुढे किती दिवस करीत राहणार हेही आम्हाला दिसत होते. आम्ही म्हणालो, "पट्ट्याशी उभं राहण्याचा दोष तुझा नाही. पावणेतीन तास पुरतील असं सांगणारा मी होतो." ती काही बोलली नाही. तिने नाकारले नाही याचे आम्हाला बरे वाटले; नाकारले असते तर ती केवळ आमचे मन राखण्यासाठी बोलते आहे असे वाटले असते.

अंत्यविधीच्या आधी तिची आई आम्हाला म्हणाली, "देवाची इच्छा, फादर. तिची भेट नव्हती नशिबात."

तीस वर्षांत हे वाक्य आम्ही शेकडो घरांत ऐकले आहे, आणि बहुतेक वेळा त्यावर मान हलवली आहे. मरण ही देवाच्या हातची गोष्ट, हे खरेच. पण त्या मुलीचे पावणेबाराचे टर्मिनल एक, तिचा न मिळालेला शेवटचा प्रहर, हे देवाच्या खाती लिहायला आमची जीभ धजली नाही. साडेतीन तास आधी उतरणारे विमान होते, एकाच तिकिटाचा मार्ग होता, सकाळीच मुंबईत उतरून टॅक्सीने दुपारपर्यंत घरी येणेही होते. हे सगळे देवाने मांडून ठेवलेले होते. निवड आमची होती. आम्ही त्या बाईंना तसे सांगितले. धर्मगुरूने आपली चूक देवाच्या इच्छेत लपवू नये, एवढे तरी त्या घराचे आमच्यावर ऋण होते. त्यांनी आमचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बरं झालं बोललात." त्याचा नेमका अर्थ आम्हाला आजही लागलेला नाही.

जुने प्रवासी या बाबतीत आमच्याहून शहाणे होते, कारण वाऱ्याशी हुज्जत घालता येत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. या तेरा महिन्यांतले सुमारे सहा महिने ते मोझांबिकला थांबून होते, कारण भारताकडे नेणारे वारे अजून सुटायचे होते. त्या मुक्कामात त्यांनी तिथल्या रुग्णालयात आजाऱ्यांची सेवा केली. मधला वेळ वाया गेला असे त्यांना वाटले असेल असे दिसत नाही. आम्हाला मात्र विमानतळावर चार तास बसायचे म्हणजे आयुष्य फुकट गेल्यासारखे वाटते! लोक तिकीट काढताना मधला वेळ जेवढा कमी तेवढे तिकीट हुशारीने काढले असे मानतात, आणि आम्हीही त्यांच्यातलेच होतो.

आता कचेरीत कुणी विचारायला आले की आम्ही कागद घेतो आणि उलट्या बाजूने मोजतो. पुढच्या विमानाची सुटण्याची वेळ लिहायची आणि ती लगेच खोडायची. सामान घेणे कधी बंद होते, तीच खरी वेळ. देशांतर्गत विमानाला सहसा एक तास आधी. तिथून मागे या. टर्मिनल बदलायचे असेल तर एक तास. बॅग आणि कस्टम्स, पाऊण तास. इमिग्रेशन, एक तास. विमान उशिरा येण्यासाठी एक तास, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्ली असेल तर दोन. बेरीज करून पाहावी. पावणेतीनच्या जागी पावणेपाच तास येतात, धुक्यात पावणेसहा. तिकिटे दोन निराळी असतील तर याहून खाली आम्ही उतरत नाही, मग पोराने कितीही नाके मुरडली तरी. एकाच तिकिटावर असेल तर थोडे सैल सोडतो. आणि सर्वांत आधी एक प्रश्न विचारतो: हे चुकले तर त्या दिवशी त्याच्यानंतर दुसरे आहे का? मुंबईकडून नाशिकला रेल्वेगाड्या आहेत, बस आहेत, टॅक्सी आहेत. एक चुकली तर दुसरी. दिवसाच्या एकुलत्या एक विमानावर कुणाचे लग्न किंवा कुणाचा शेवटचा श्वास टांगू नये. रेल्वेचेही तसेच. विमानाच्या उशिराशी पंचवटी एक्सप्रेसला काही देणेघेणे नाही. गेल्या खेपेला बाळ येशूच्या यात्रेसाठी आखातातून येणाऱ्या एका कुटुंबाने उतरण्याच्या वेळेनंतर दोनच तासांनी सुटणाऱ्या गाडीचे आरक्षण केले होते. आम्ही ते रद्द करायला लावले. त्यांचे विमान नेमके वेळेवर आले, आणि त्यांनी आम्हाला पुढे महिनाभर त्यावरून चिडवले. चिडवोत.

काही सोयीही झाल्या आहेत, त्या सांगायला हव्यात. वारंवार येणाऱ्या भारतीयांसाठी जलद इमिग्रेशनची योजना दिल्लीत जून २०२४ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी काही विमानतळांवर आली. आधी नाव नोंदवून बोटांचे ठसे दिले की रांगेत उभे न राहता यंत्राच्या दारातून जाता येते, शुल्क नाही. आमच्या त्या मुलीला ही योजना ठाऊक नव्हती, आणि आम्हाला तर मुळीच नव्हती. मुंबईत भुयारी मेट्रो आता थेट विमानतळाच्या टर्मिनलपासून शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जाते. दुसरीकडे एक नवा घोटाळाही उभा राहिला आहे. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. तिकिटावर 'मुंबई' वाचून समाधान मानू नये. उतरायचे एका ठिकाणी आणि पुढचे विमान दुसऱ्या ठिकाणाहून असेल, तर मधे अख्खे शहर आणि वर खाडी आहे.

या वर्षी जानेवारीत त्या गृहस्थांचा वर्षदिन होता. मुलगी मिस्सेसाठी येणार होती. या खेपेस तिने आम्हाला काही विचारले नाही. फक्त एक निरोप आला, त्यात मार्ग लिहिलेला होता. मिस्सेच्या दोन दिवस आधी सकाळी मुंबईत उतरणे, मावशीकडे जेवण आणि विश्रांती, दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने नाशिकरोड. आम्ही 'ठीक' एवढेच लिहिले.

गाडीला कसाऱ्याच्या पुढे उशीर झाला. पस्तीस मिनिटे. आम्ही आणि तिची आई फलाटावर बाकावर बसलो होतो. आईने डब्यातून पोळीचा लाडू काढून आमच्या हातावर ठेवला, आणि घड्याळाकडे एकदाही पाहिले नाही.